बापूचा बैल

कोल्हापुरात महागड्या गाड्या घेणारे पुष्कळ आहेत. महागडी गाडी घेऊन कोथिंबीर आणायला जाणारा एकटा बापू.

गाडी म्हणजे लॅम्बोर्गिनी हुराकान. पांढरीशुभ्र, दोन माणसांची, दहा सिलिंडरची. इंजीन ५.२ लिटरचं, ताकद ६१० हॉर्सपॉवर, शून्यापासून शंभरापर्यंत ३.२ सेकंदांत आणि मोकळी सोडली तर ताशी ३२५ किलोमीटरच्या पुढं. हे आकडे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. बापू ते कधी सांगत नाही. गाडी कशी पळते असं कुणी विचारलं की तो म्हणतो, "शाहूपुरीतनं गंगावेशीत पहाटंचं बारा मिनिटं, सांजचं चाळीस." आणि विचारणाऱ्याला वाटतं, हा आपली चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नसतो. त्याला गाडी जिथं चालवायची आहे तिथला तिचा वेग तेवढाच आहे, आणि तो त्याला पुरतो.

आमच्या गावाला नादाचं कौतुक नाही. कुस्ती, फुटबॉल, म्हशी, कबुतरं, कशाचा नाद नाही इथं? मोठी गाडीही आम्हाला नवी नाही. संस्थानची मेबॅक अजून शाही दसऱ्याला दसरा चौकात येते आणि अख्खं गाव टाचा वर करून तिला बघतं. पण मोठ्या गाडीची आमच्याकडची रीत ही अशी: वर्षातून एकदा बाहेर काढायची, हार घालायचा, मिरवायची आणि परत झाकून ठेवायची. गावातल्या हौशी कारखानदारांनीही तीच उचललेली. रविवारी सकाळी हायवेला एक फेरी, नाश्ता, फोटो आणि दुपारच्या आत गाडी खोळीत. बापूनं ही रीत मोडली आणि तीही बंडखोरी म्हणून नव्हे. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

बापूच्या घरात ठेवणीतलं असं काही नसतंच. लग्नात मिळालेल्या चांदीच्या ताटात तो रोज भाकरी आणि खर्डा खातो. पाहुण्यांसाठी वेगळे कप नाहीत. नवा सोफा आला तेव्हा टेम्पोवाला पैसे मोजत होता तेवढ्यात बापूनं त्याचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं होतं. लग्नातलं सोन्याचं घड्याळ त्यानं भट्टीवर वापरलं आणि ते वितळेपर्यंत वापरलं. "वस्तू घेतली की वापरायची, मास्तर. न्हाईतर दुकानातच काय वाईट हुती?" हे त्याचं एकमेव तत्त्वज्ञान. माझ्या घरी शोकेसमध्ये काचेचा टी-सेट आहे. त्यात आजवर कुणी चहा प्यायलेला नाही. बापू आला की त्या शोकेसकडे असं बघतो, जणू आत कुणाला तरी कोंडून ठेवलंय.

शिरोली एमआयडीसीत बापूची फौंड्री आहे. वडिलांचा ऊस, मग उद्यमनगरात पत्र्याचं शेड, मग शिरोलीत स्वतःची भट्टी, असा रीतसर कोल्हापुरी प्रवास. त्याच्याकडे बिडाचं ओतकाम चालतं, त्यातलं बरंचसं ट्रॅक्टरला जातं. आणि ट्रॅक्टरनंच घात केला. फेरुचो लॅम्बोर्गिनी नावाच्या इटालियन माणसानं १९४८ साली ट्रॅक्टर करायला घेतले, गाड्यांचा कारखाना काढला तो १९६३ साली, ही माहिती त्याला कुणीतरी दिली. फेरारीच्या क्लचची तक्रार घेऊन गेलेल्या त्या ट्रॅक्टरवाल्याला 'तू आपला ट्रॅक्टरच चालव' असं ऐकावं लागलं आणि त्या रागातून ही गाडी जन्मली, अशी एक दंतकथा आहे. खरीखोटी देव जाणे. बापूला तिच्या खरेपणाशी कर्तव्य नाही. तो एवढंच म्हणाला, "रागाच्या भरात कारखाना काढणारा माणूस आपल्यातलाच की लगा."

त्यानंतर त्याला अडवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

घरच्यांनी, मित्रांनी, बँकेच्या साहेबांनी एकच सल्ला दिला: घ्यायचीच तर त्याच कंपनीची उरुस घे. उंच आहे, चार माणसं बसतात, आपल्या रस्त्यांना चालते. भारतात त्या कंपनीच्या गाड्या घेणारे बहुतेक जण तीच घेतात. बापूनं ती बघितली, आत बसला आणि उतरला. "ह्यात बसलं की सगळी माणसं खाली दिसतात. मग बोलायचं कुणासंगं?" हुराकानमध्ये बसलं की सगळी माणसं वर दिसतात. टपाची उंची चार फुटांच्या आत. शेजारी स्कूटर थांबली तर स्कूटरवाल्याचा गुडघा बापूच्या कानाशी येतो, आणि बापू मान वर करून त्याची ख्यालीखुशाली विचारतो.

गाडी त्यानं नवी घेतली नाही. मुंबईच्या एका गृहस्थाची होती. नवी असताना साडेतीन कोटींच्या घरातली. त्यातच आयात शुल्क आलं, जीएसटी आला, उपकर आला, वर आरटीओचा कर आला. "कर त्यानं भरलाय, चालवायची म्या हाय," इतका सोपा हिशेब. ती बघायला बापूनं मला बरोबर नेलं होतं. वातानुकूलित तळघर, मऊ कापडाची खोळ, बॅटरीला चोवीस तास चार्जर. कित्येक वर्षांत जेमतेम काही हजार किलोमीटर झालेले. मालक अभिमानानं म्हणाले, "पावसाचा थेंबसुद्धा बघितलेला नाही तिनं." बापूनं बोनेटवरच्या बैलाच्या बिल्ल्यावरनं बोट फिरवलं. हुराकान हे नावही एका लढाऊ बैलाचंच, १८७९ साली स्पेनमधल्या आखाड्यात उतरलेल्या. बाहेर आल्यावर बापू मला म्हणाला, "दावणीला बांधून म्हातारा केला की बैल त्यानं. सोडवलाच पायजे."

गाडी कोल्हापुरात आली आणि गावाचे दोन अपेक्षाभंग झाले. पहिला नंबराचा. एकाच राज्यात मालक बदलला तर नंबर तोच राहतो. त्यामुळं बापूच्या गाडीवर एमएच ०९ नाही, मुंबईचा नंबर आहे, आणि ताराराणी चौकात प्रत्येक अनोळखी माणूस त्याला "कुठलं पाव्हणं?" असं विचारायचा. बापूला आयुष्यात इतका अपमान कधी सोसावा लागला नव्हता.

दुसरा अपेक्षाभंग दारांचा. लॅम्बोर्गिनीचं दार वर उघडतं, हे कोल्हापुरातल्या प्रत्येक माणसाला जन्मतः माहीत असतं. पहिल्या दिवशी घरासमोर दीडशे माणूस मोबाइल वर धरून उभा, आणि बापूनं दार उघडलं ते साध्या मारुतीचं उघडतं तसं, बाजूला. गर्दीतनं "हात्तिच्या!" असा एक सामुदायिक सुस्कारा निघाला. एक म्हातारा तर म्हणाला, "फसवलं बापूला मुंबईवाल्यानं." तेव्हापासून बापू शांतपणे समजावतो: "वर उघडत्यात ती बारा सिलिंडरची. आमची दहाची." त्यात कमीपणाचा लवलेश नसतो. म्हशीला किती दूध आहे हे सांगावं तसं तो सांगतो.

आता रस्त्याबद्दल. इंडियन रोड काँग्रेसच्या मापानं गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आमच्याकडे तो एका रात्रीत उगवतो. बनवणाऱ्यांनी मीटरपट्टी बघितलेली नसते, आणि बघितली असली तर वापरलेली नसते. हुराकानचं पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच. एक बटण दाबलं की नाक दीडेक इंच वर उचललं जातं. कंपनीनं ही सोय बहुधा एखाद्या हॉटेलच्या चढासाठी केली असावी. बापूचा अंगठा दिवसभर त्याच बटणावर असतो.

गावातल्या गतिरोधकांचे त्यानं तीन वर्ग केलेत: सरळ घ्यायचे, तिरके घ्यायचे आणि न घ्यायचे. तिरका घेणं हा एक सार्वजनिक कार्यक्रम असतो. मी शेजारच्या सीटवर बसून तो बघितलाय. बापू गाडी पूर्ण आडवी घालतो. रस्ता बंद. हॉर्न वाजेल असं वाटतं. पण वाजत नाही. मागचा रिक्षावाला उतरतो, न सांगता रस्त्यावर पालथा पडतो, गाल डांबराला टेकवतो आणि मोबाइलची बॅटरी पोटाखाली मारतो. "दोन बोटं हायत, येऊ दे! येऊ दे... थांब! डावी मार. आता सोड. हळू, हळू... गेली!" तोवर भाजीवाली, शाळेतली पोरं, बुलेटवरचा पैलवान, सगळे क्लीनर झालेले असतात. चारही चाकं एकेक करून पलीकडे उतरली की माणसं एकमेकांकडे अशा समाधानानं बघतात, जणू एखादी अडलेली म्हैस सुखरूप सुटली. रिक्षावाला शर्ट झटकतो. बापू खिडकीतनं हात जोडतो. कुणाची दोन मिनिटं गेली याचा हिशेब कुणी मागत नाही.

एक गतिरोधक मात्र न घेण्याच्या वर्गातला होता आणि नेमका फौंड्रीच्या वाटेवर. तो तालमीच्या पोरांनी घातलेला. बापूनं तक्रार केली नाही. पोरांना घरी बोलावलं, पांढरा-तांबडा घातला, आणि ढेकर आल्यावर विषय काढला. तिसऱ्या दिवशी गतिरोधक इंचभर तासलेला होता. त्या वर्षापासून गणपतीला बापूकडे दोन पावत्या येतात. एक नेहमीच्या वर्गणीची आणि एक, पावतीवर चक्क लिहिलेलं असतं, "स्पीडब्रेकर देखभाल".

पहाटे मुक्काम गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर. तिथं गवळी म्हशी घेऊन उभे असतात आणि धार काढली की फेसाळता पेला थेट गिऱ्हाइकाच्या हातात. बापू लहानपणापासून तिथं जातो, आधी चालत, मग सायकलनं, मग बुलेटनं, आता हुराकाननं. गाडी म्हशींच्या रांगेतच लागते. पंढरपुरी म्हशींची पाठ गाडीच्या टपाच्याही वर, शिंगं लांबच लांब. एकदा एका म्हशीनं शेपटीनं बापूच्या आरशावर असा काही फटका मारला की बघणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. बापू पेला संपवत म्हणाला, "माश्या हाकलाल्या ती. तिची काय चूक?"

तिथनं शिरोली. कावळा नाका, तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल, एमआयडीसी. हायवेला लागल्यावर दोनेक किलोमीटर असे येतात की गाडीला वाटावं, आता आपलं नशीब उघडलं. बापू शंभराच्या आत ठेवतो. पायाखालचा जोर कमी झाला की या इंजिनाची दहातली पाच सिलिंडरं आपोआप बंद होतात, इंधन वाचवण्यासाठी. ही सोय कळल्यावर फौंड्रीवाला बापू जेवढा भारावला तेवढा ३२५ च्या वेगानं कधीच भारावला नाही. "निम्म्या कामगारांना सुट्टी, आणि मशीन चालूच! ह्याला म्हणायचं मॅनेजमेंट." कंपनीच्या कागदावर ही गाडी शंभर किलोमीटरला साडेबारा लिटर पेट्रोल पिते, म्हणजे लिटरला आठ. कोल्हापुरात ती निम्म्यावर येते. पण ॲव्हरेज विचारणाऱ्याला बापू आठच सांगतो. देवळाबाहेर वय सांगताना चार वर्षं कमी सांगितली तर पाप लागत नाही, तसं.

फौंड्रीत गाडी भट्टीपासून लांब, पण कामगारांना दिसेल अशी लागते. मागच्या जाळीखाली इंजिनावर एक छोटी पट्टी आहे आणि तिच्यावर सिलिंडर पेटण्याचा क्रम कोरलाय: १-६-५-१०-२-७-३-८-४-९. मोल्डिंगवाल्या दहा जणांना त्यानं हेच नंबर दिलेत आणि पहिल्या हीटच्या वेळी हजेरी याच क्रमानं होते. सहा नंबरचा दांडी मारून आला की बापू म्हणतो, "आज गाडी मिसफायर मारणार." इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याचं त्याला बारीकसं दुःख आहे. "ओतकाम एक नंबर हाय. पण बीड ते बीड."

फक्त एका कामाला ही गाडी वर्ज्य आहे. गिऱ्हाइकाकडे जाताना बापू जुनी वॅगनआर काढतो. सुरुवातीला एकदा तो पुढच्या खणात कास्टिंगचं सँपल टाकून हुराकाननंच एका मोठ्या कंपनीत गेला होता. खरेदीखात्यातल्या साहेबांनी सँपल बघितलं नाही, खिडकीतनं गाडी बघितली आणि दर किलोमागं चार रुपयांनी पाडून मागितला. बँकेत मात्र तो हुराकानच नेतो. तिथं परिणाम उलटा होतो.

वहिनी या गाडीत बसत नाहीत. बसणं जमतं, उतरणं जमत नाही. एकदा एका लग्नाच्या मांडवासमोर, दोन्ही घरच्या वऱ्हाडासमोर, पैठणी सावरत त्यांना त्या सीटमधून वर यायचं होतं. आधी एक पाय बाहेर, मग दाराच्या चौकटीला हात, मग निरर्थक असे दोन हेलकावे, शेवटी नवरदेवाच्या मावशीनं एका हाताला आणि बँडवाल्यानं दुसऱ्या हाताला धरून ओढलं. तेव्हापासून कुठं जायचं म्हटलं की त्या शांतपणे सांगतात, "तू हो पुढं. मी रिक्षानं येतो." आणि बहुतेक वेळा त्याच आधी पोचतात.

बापूच्या आईचं मात्र या गाडीशी मेतकूट. ऐंशी पार केलेल्या, नऊवारीतल्या, आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या आक्कांना ती सीट पहिल्याच दिवशी पसंत पडली. "बरं हाय रं हे. पाटावर बसल्यागत वाटतंय. त्या दुसऱ्या गाडीत चढताना गुडघं जात्यात." मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईला त्या याच गाडीनं जातात. सुरू करायचं बटण एका लाल झाकणाखाली असतं, लढाऊ विमानात क्षेपणास्त्राचं असतं तसं. ते झाकण उचलायचा मान आक्कांचा. "अंबाबाईच्या नावानं चांगभलं" म्हणून त्या बटण दाबतात, पाठीमागे दहा सिलिंडर एकदम डरकाळतात, आणि आक्का पदर नीट करत म्हणतात, "जागा झाला बग." त्यांच्या लेखी तो बैल आहे. दसऱ्याला त्याला त्यांनी पुरणपोळीचा घासही दाखवला होता. चाकाखाली लिंबं ठेवायची वेळ आली तेव्हा मागच्या टायरची रुंदी बघून थबकल्या. ३०५ मिलिमीटर. "येवड्या पायाला येक लिंबू कसं पुरायचं?" म्हणून तिथं दोन-दोन ठेवली. पुढं बांधलेली लिंबू-मिरची मात्र पहिल्याच गतिरोधकाला घासून गेली. आता ती आत आरशाला असते.

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गाडी नेऊ नये, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. बापूनं यात्रेची गर्दी ओसरल्यावर नेली, तरी व्हायचं ते झालंच. गुलालाची उधळण म्हणजे काय हे ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. वर गेली ती पांढरी, खाली आली ती गुलाबी. दोन्ही बाजूंनी इंजिनाला हवा देणारी मोठी तोंडं आहेत. त्यांच्या जाळ्यांत गुलाल असा बसला की पावसाळ्यातसुद्धा धुतली की गुलाबी पाणी निघायचं. बाहेरगावाहून सर्व्हिसला येणाऱ्या तंत्रज्ञानं हातमोज्यावरचा रंग बघून काळजीनं विचारलं, "सर, हे कुठलं केमिकल?" बापू म्हणाला, "प्रसाद हाय. कपाळाला लावा."

पावसाळ्यात पंचगंगेवर सगळ्या गावाचा डोळा असतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता आणि शाहूपुरीच्या काही भागातही पाणी शिरलं होतं. बापूनं स्वतःची पातळी ठरवलीय: ३६. पाणी छत्तीसला लागलं की गाडी उंचावरच्या मित्राच्या बंगल्यात हलते. पाच इंचांचा माणूस आहे, सावध राहावंच लागतं. त्या चार-सहा दिवसांत बापू जेवत नाही धड. पुराची काळजी असतेच, पण खरं दुखणं वेगळं असतं. गाडी उभी आहे, हे त्याला बघवत नाही.

गाडी अशी रोज वापरण्यावर शहाण्या माणसांचा एक ठरलेला आक्षेप असतो. बापूचा सीए तो दर मार्चला घेतो. अशी गाडी जेवढी कमी चालवाल तेवढी तिची किंमत टिकते. तुम्ही रोज पैसे जाळताय. बापूकडे याला एकच उत्तर आहे आणि ते म्हणजे मिस्टर बीन. रोवन ॲटकिन्सननं १९९७ साली ५ लाख ४० हजार पौंडांना मॅक्लारेन एफ-वन घेतली, त्या काळची जगातली सगळ्यात वेगवान गाडी. लोकांनी अशा गाड्या तळघरात पुरल्या. यानं ती ४१ हजार मैल चालवली. २०११ साली झाडावर घातली. विमा कंपनीला दुरुस्तीचे ९ लाख पौंडांच्या वर मोजावे लागले. दुरुस्त होऊन आल्यावर गडी पुन्हा चालवायला लागला, आणि २०१५ साली विकली ती सुमारे ८० लाख पौंडांना. "आता बोला!" बापू सीएला म्हणतो. सीए म्हणतो, तो मिस्टर बीन आहे, तुम्ही बापू आहात. बापूला यातला फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर तो समजावून सांगणं अवघडच आहे.

दिवाळीच्या पाडव्याला मात्र बापूच्या गाडीनं कोल्हापूर खऱ्या अर्थानं जिंकलं; म्हणजे हरून जिंकलं.

पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा सण. अंगावर नक्षी कातरलेली, शिंगं रंगवलेली, त्यांना गोंडे आणि मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. आणि मग त्या पळतात. मालक पुढं मोटारसायकलवर, सायलेन्सरचा कान फाडणारा आवाज, आणि त्या आवाजाच्या मागं म्हैस उधळलेली. त्या वर्षी गंगावेशीतल्या बापूच्या गवळीमित्राची मोटारसायकल ऐन वेळी चालू होईना. किक मारून मारून पाय सुजला. म्हैस सजून उभी, गाव जमलेलं. मित्रानं बापूकडे बघितलं. बापूनं गाडीकडे बघितलं.

गाडीत चालवण्याच्या तीन तऱ्हा आहेत. रस्त्याची, जोराची आणि शर्यतीची. बापू आजवर पहिलीच्या पुढं गेला नव्हता. त्या दिवशी त्यानं तिसरी लावली. एक्झॉस्टची झडप उघडली आणि असा आवाज झाला की कबुतरं कसबा बावड्याकडे निघून गेली. म्हैस आधी पुढच्या बाजूला आली, नाकावरच्या बैलाच्या बिल्ल्याचा वास घेतला, एकदा चाटला, आणि ओळख पटल्यासारखी मागं जाऊन उभी राहिली. बापू निघाला. ताशी वीस. म्हैस मागं. तीस. म्हैस मागंच. आरशात बापूला नुसत्या नाकपुड्या दिसत होत्या, म्हणाला. दोन्ही बाजूंनी शिट्ट्या, हलगी, "आली रं आली!" चा कल्लोळ. ६१० हॉर्सपॉवर आणि तिच्या मागं एक म्हैसपॉवर, अंतर दोन हात.

आणि समोर गतिरोधक आला. न घ्यायच्या वर्गातला.

बापूनं ब्रेक लावला. नाक वर करायचं बटण दाबलं. नाक वर जायला जे दोन-चार क्षण लागतात तेवढे लागले. म्हशीनं बाजूनं वळसा घातला, गतिरोधकावरनं उडी मारली आणि शिंगं उडवत निघून गेली. त्या दिवशी कोल्हापुरात जो आरडाओरडा झाला तो कुस्तीच्या मैदानात झाला नसेल. लोकांनी म्हशीला गुलाल लावला, मग मालकाला लावला आणि मग बापूला खांद्यावर घेतला. गाडीनं म्हशीकडनं मार खाल्ला म्हणून नाही. दुसऱ्या कुणी आपली कोट्यवधीची गाडी म्हशीच्या पुढं उभीच केली नसती, म्हणून. त्या दिवसापासून त्याला "कुठलं पाव्हणं?" असं कुणी विचारत नाही.

मध्यंतरी पुण्याहून एक संग्राहक आले होते. त्यांना अशा गाड्या जमवायचा छंद आहे. उद्यमनगरच्या मिस्त्रीनं पोटाखाली बसवून दिलेली लोखंडी पट्टी त्यांनी वाकून बघितली. आरशावरचा शेपटीचा ओरखडा बघितला, जाळीतला गुलाल बघितला, पुढच्या खणातला गुळाचा चिकटा आणि वाळलेली कोथिंबीर बघितली. एकेक गोष्ट बघताना त्यांचा चेहरा एखाद्या दवाखान्यात आल्यासारखा होत गेला. शेवटी किलोमीटरचा आकडा बघून ते मट्कन पायरीवर बसले.

"बापूसाहेब, याच मॉडेलची माझ्याकडे आहे. तुम्ही कमीत कमी पन्नास लाखांनी किंमत घालवलीत हिची."

"असंल की. तेवढी वापरली म्हंजी," बापू म्हणाला. मग चहा आला. चांगल्या कपांतून आला, कारण त्या घरात दुसरे नाहीतच. पाहुण्यांना जरा बरं वाटल्यावर बापूनं चौकशी केली, "तुमची किती झालीया?"

"अकराशे किलोमीटर," पाहुणे ताठ बसत म्हणाले. "आठ वर्षांत."

बापूनं कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी कळवळ उमटली. पाहुण्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यानं हळूच विचारलं,

"का वो? तब्येत बरी नव्हती काय?"